घरीं बांधावयाचें मिलिंग यंत्र : आधीं सांगाडा, मग मोटार

संगणकाच्या आज्ञेनें चालणारें मिलिंग यंत्र घरींच बांधावें, अशी हौस हल्लीं पुष्कळ तरुणांना वाटूं लागली आहे. अंकांच्या आज्ञेनें चालणारें असें यंत्र अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेनें १९५२ सालीं लोकांना दाखविलें. त्याच्या नियंत्रकांत शेंकडों निर्वात-नळ्या होत्या. तें काम आज तळहाताएवढी पाटी करते. नियंत्रण असें स्वस्त झालें; धातूचे गुणधर्म मात्र तेव्हां होते तेच आजहि आहेत. नवशिका फसतो तो येथेंच.

माझ्या पुतण्यानें उत्तम मोटारी आणिल्या आणि सांगाडा प्लायवूडचा केला. लांकडावर नक्षी बरी उमटली. परंतु अॅल्युमिनियमच्या पट्टींत कटर शिरतांच सारें यंत्र थरथरूं लागलें. कटर मोडला, आणि जें वर्तुळ निघालें तें चार जागीं चपटें होतें. सहा महिन्यांची बचत वायां गेली.

म्हणून पहिला प्रश्न असा, कीं आपणांस कापावयाचें काय? लांकूड व प्लॅस्टिक यांना जो सांगाडा पुरतो, तो धातूला पुरत नाहीं. एका टोकाशीं पक्की धरलेली पट्टी दुसऱ्या टोकाशीं दाबली, तर ती वांकते. तीच पट्टी दुप्पट लांब घेतली, तर तेवढ्याच जोरानें ती आठपट वांकते. उलट, जोराच्या दिशेनें तिची जाडी दुप्पट केली, तर वांक आठवा हिस्सा उरतो. तेव्हां पहिलें यंत्र लहान असावें, त्याचे भाग जाड असावेत, आणि कटर पकडीबाहेर शक्य तितका कमी ठेवावा.

दुसरी गोष्ट ढिलाईची. नेहमींची स्टेपर मोटार एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते. मळसूत्र एका फेऱ्यांत ५ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एका पावलास ०·०२५ मिलिमीटर होतात. परंतु मळसूत्र व नट यांमध्यें ०·१ मिलिमीटर ढिलाई असली, तर दिशा उलटतांना पहिलीं चार पावलें फुकट जातात. वर्तुळ कापतांना दिशा चार जागीं उलटते. पुतण्याच्या वर्तुळाचें कोडें तें हेंच. ढिलाई नसलेला बॉल-स्क्रू महाग पडतो. पण मोटारींवरचा खर्च कमी करून तो घ्यावा.

परीक्षा सोपी आहे. डायल गेज टेबलाला टेकवावा आणि टेबल हातानें दोन्ही बाजूंस ढकलून पाहावें. कांटा जितका हलेल, तितका दोष कामांत उतरणार. तिन्ही दिशा परस्परांशीं काटकोनांत आहेत कीं नाहींत, हें गुण्यानें तपासावें. मग कटरच्या जागीं पेन लावून कागदावर चौकोन व वर्तुळ काढावें. नंतर लांकूड, आणि शेवटीं अॅल्युमिनियम, तेंहि थोडें थोडें खोल कापीत.

आतां सावधगिरी. यंत्राला अर्थिंग असावें, आणि सर्व गति तत्काळ थांबविणारें लाल बटण हाताशीं असावें. डोळ्यांना चष्मा हवाच. हातमोजे व सैल बाह्या मात्र नकोत, कारण फिरता कटर त्यांना ओढून घेतो. यंत्र चालूं असतां खोली सोडूं नये. आपलीं पावलें चुकलीं, हें साध्या स्टेपर यंत्राला कळत नाहीं.

पुतण्याचें दुसरें यंत्र पहिल्याच्या निम्मेंच आहे, आणि त्याचा सांगाडा जाड पोलादी आहे. त्यावरचें वर्तुळ गोल निघतें.