वंशवृक्षावर न लिहिलेली नावे

समाजातील अनेक घराण्यांनी आपली वंशावळ मोठ्या कष्टाने तयार केली आहे. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, नातू, पणतू असा सात-आठ पिढ्यांचा तो वृक्ष पाहताना अभिमान वाटतो. पण त्याच्या फांद्यांवर स्त्रिया कोठे आहेत? पुत्रांची नावे आहेत, त्यांना जन्म देणारीचे नाव नाही. कन्येच्या नावाची जागा तर बहुधा ठेवलेलीच नसते.

यामागे कोणाचा आकस नव्हता. वंशावळ ही मुळात वारसा कोणाकडून कोणाकडे गेला हे दाखविणारी मांडणी होय. मिळकत पुरुषाकडून पुरुषाकडे जात असे, म्हणून नावेही तशीच उतरली. तेव्हा विस्मृत पणजीचा शोध घ्यावयाचा असेल, तर तो वेगळ्याच कारणासाठी लिहिल्या गेलेल्या नोंदींत घ्यावा लागतो. स्त्रीने दान दिले, ती निवर्तली, वारस ठरली किंवा तिने हक्क सोडला, अशा प्रसंगी तिचे नाव लिहिले गेले आहे.

याचे एक प्राचीन उदाहरण मथुरेचे आहे. तेथील कंकाली टीला या जैन स्थळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खनन झाले. तेथे महाक्षत्रप शोडासाच्या काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, एक शिलापट मिळाला. अर्हतांच्या पूजेसाठी तो स्थापन करणारी श्राविका अमोहिनी. एवढ्याशा लेखात तिच्या कुटुंबाचा पट उलगडतो. पतीचे नाव पाल. पालघोष, प्रोष्ठघोष आणि धनघोष हे तीन पुत्र. विशेष म्हणजे अमोहिनीला तेथे ‘कोच्छी’, अर्थात कौत्स गोत्राची, म्हटले आहे, तर पतीची ओळख ‘हारीतीपुत्र’ अशी मातेच्या नावाने करून दिली आहे. एका दानामुळे सासू आणि सून, दोघींची ओळख टिकून राहिली. मथुरेच्या इतर लेखांतही दान देणाऱ्या स्त्रिया अमुकाची कन्या, अमुकाची सून, अमुकाची माता अशा नात्यांसह भेटतात.

हीच परंपरा पुढे धातुप्रतिमांच्या लेखांत चालू राहिली. प्रतिमेच्या मागील बाजूस किंवा पीठावर संवत, तिथी, ज्ञाती, गोत्र, श्रावकाचे नाव आणि प्रतिष्ठा करविणाऱ्या आचार्यांचे वा भट्टारकांचे नाव असते. त्यातच ‘भार्या’ किंवा नुसते ‘भा.’ या अक्षरापुढे पत्नीचे नाव येते. कित्येकदा प्रतिमा मातेच्या श्रेयार्थ करविल्याचाही उल्लेख असतो. विक्रम संवतातून 57 वजा केले अथवा शकात 78 मिळविले, की इसवी सन साधारणपणे कळतो. वर्षानुवर्षांच्या प्रक्षालाने ही अक्षरे झिजत असतात. म्हणून घरच्या देव्हाऱ्यातील आणि गावच्या मंदिरातील प्रतिमालेखांची स्वच्छ छायाचित्रे आजच घेऊन ठेवणे हिताचे. हस्तलिखित ग्रंथांच्या शेवटी असलेल्या प्रशस्तीही अशाच तपासाव्यात. ग्रंथ लिहवून मुनींना वा मंदिराला अर्पण करणाऱ्या श्राविकांची नावे त्यांत मिळतात.

अलीकडच्या शे-दीडशे वर्षांसाठी महसुली दप्तर उपयोगी पडते. गाव नमुना क्रमांक 14, अर्थात कोतवाल बुक, यात गावातील जन्म-मृत्यूंच्या नोंदी असत. जन्माच्या नोंदीत पित्याचे नाव अधिक ठळक असले, तरी मृत्यूच्या नोंदीत स्त्री स्वतः येते. जुनी नोंद मोडीत असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्यावी. गाव नमुना 6 मधील फेरफार आणि 6-क मधील वारस नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात पाहता येतात. विधवेचे नाव पतीच्या निधनानंतर येथे प्रथमच दिसावे, असे पुष्कळदा घडते.

1956 चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. त्याने पुत्राबरोबर कन्या, विधवा पत्नी आणि माता यांना पहिल्या वर्गाचे वारस ठरविले. त्यानंतरच्या वारस नोंदींत घरातील लेकी एकाएकी प्रकट होतात. मात्र त्याच नोंदींमागोमाग अनेकदा हक्कसोडपत्रही येते. त्यात तिचे वय, सासरचे गाव, मृताशी नाते असा सारा तपशील असतो. खाली तिची सही, नाहीतर अंगठा. आणि मोबदल्याच्या ठिकाणी बहुधा ‘विनामोबदला’ हा शब्द. जिचे नाव वंशावळीत नाही, तिचा सर्वांत तपशीलवार परिचय तिने माहेरचा हिस्सा सोडला त्या दिवशीच्या कागदावर मिळावा, हे वाचताना मन अस्वस्थ होते. ते भावावरील प्रेम होते, रीत होती की नाइलाज, हे कागद सांगत नाही. परंतु आज भावांच्या नातवंडांकडे असलेल्या जमिनीत तिचाही वाटा मिसळलेला आहे, एवढे तो निश्चित सांगतो.

या शोधात एक अडचण हटकून येते. विवाहात नाव बदलण्याच्या रीतीमुळे एकच स्त्री माहेरी एका आणि सासरी दुसऱ्या नावाने नोंदली जाते. म्हणून दोन्ही गावांचे दप्तर पाहावे. जुनी लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, मंदिरातील देणगीची पाटी यांवरून दोन्ही नावांचा मेळ घालता येतो. घरातील वृद्ध स्त्रियांना आधी विचारावे. कागद थांबू शकतो, स्मरण थांबत नाही.

यापुढे वंशावळ छापताना प्रत्येक विवाहितेचे माहेरचे नाव, गाव आणि गोत्र लिहावे. कन्यांची नावे पुत्रांच्या ओळीतच द्यावीत. त्याने छपाईचा खर्च दोन पानांनी वाढेल. पण दोन हजार वर्षांपूर्वी अमोहिनीला दगडावर मिळालेली जागा आपल्या पणजीला कागदावर तरी मिळेल.