ना कोणी थोरली, ना कोणी धाकटी

ऑक्टोबर १५७१. स्पेनच्या राजाचा सुभेदार असलेल्या आल्बाच्या ड्यूकच्या छळामुळे नेदरलँड्समधून परागंदा झालेल्या आणि मायदेशी लपूनछपून उपासना करणाऱ्या रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट, मंडळ्यांचे २९ प्रतिनिधी जर्मनीतल्या एम्डेन बंदरात जमले. डोक्यावर ना राजाचं छत्र, ना बिशपचं. त्यांच्या नियमावलीच्या पहिल्याच कलमात ठरलं की कोणतीही मंडळी दुसऱ्या मंडळीवर, कोणताही पाळक दुसऱ्या पाळकावर सत्ता चालवणार नाही. लगेच पुढे ठरलं, पाळकांनी आपल्या विश्वासपत्रावर, म्हणजे श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यावर, सही करायचीच, पण ऐक्याची खूण म्हणून फ्रान्सच्या मंडळ्यांच्या विश्वासपत्रावरही करायची. कोणी कोणाच्या वर नाही आणि कोणी एकटं नाही. या मंडळ्यांची पुढची साडेचारशे वर्षं मला या दोन वचनांच्या ओढाताणीत गेलेली दिसतात.

नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथे १६१८-१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेला ब्रिटन, जिनिव्हा, स्वित्झर्लंड आणि जर्मन प्रदेशांतले प्रतिनिधी आले. फ्रेंचांना त्यांच्या राजाने सोडलं नाही. इंग्रज पाहुण्यांत कार्लटन नावाचे बिशप होते. सगळे पाळक सारख्याच अधिकाराचे, हे तत्त्व त्यांनी मान्य केलं नाही, तरी शिकवणुकीच्या निर्णयांवर सही केली. पाहुणे परतल्यावर सभेने नियमावली पक्की केली. तिच्यात एक सुज्ञ कलम आहे: दुय्यम बाबतींत ज्यांची रीत वेगळी, अशा परदेशी मंडळ्यांना नाकारू नये. घर आपल्या पद्धतीने लावायचं, पण शेजाऱ्याच्या मांडणीवरून त्याच्याशी अबोला धरायचा नाही, अशी ही समज होती.

१८१६ मध्ये नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याने वरून नवे नियम लादले आणि चर्चचा कारभार शासनाच्या छायेतल्या मंडळांकडे गेला. १८३४ मध्ये उल्रुम गावचे पाळक हेन्ड्रिक डी कॉक आपल्या मंडळीसह वेगळे झाले. १८८६ मध्ये ॲम्स्टरडॅमला अब्राहम कायपर यांच्या नेतृत्वाखाली दुसरी फूट पडली. दोघांनाही डॉर्टची जुनी नियमावली परत हवी होती. म्हणूनच १८९२ मध्ये या दोन प्रवाहांतल्या बहुतेक मंडळ्या एक होऊ शकल्या. नियमांवरून तुटलेल्यांना नियमांनीच जोडलं.

सर्वांत खोल जखम १९४४ ची. बाप्तिस्मा आणि देवाचा माणसांशी करार यांविषयी या एकत्रित चर्चच्या धर्मसभेने ठरवलेली शिकवण प्राध्यापक क्लास स्खिल्डर यांनी बंधनकारक मानली नाही. देश जर्मनांच्या ताब्यात होता, स्खिल्डर स्वतः भूमिगत होते, आणि त्याच ऑगस्टमध्ये सभेने त्यांना पदावरून दूर केलं. त्यांच्या पाठीराख्यांनी आधार घेतला डॉर्टच्या नियमावलीतल्या कलम ३१ चा: बहुमताचा निर्णय बंधनकारक, पण तो देववचनाविरुद्ध किंवा नियमावलीविरुद्ध आहे असं सिद्ध झालं नाही तोवरच. सदसद्विवेकाचं रक्षण करणारं हे कलम मला या परंपरेचं भूषण वाटतं. पण सिद्ध झालं की नाही, हे कोण ठरवणार? वर कोणीच नसेल, तर शेवटी दार उघडून बाहेर पडणं एवढंच उरतं. नव्या मंडळ्यांनी शाळा वेगळ्या काढल्या, राजकीय पक्ष वेगळा काढला. १९६७ च्या सुमारास त्यांच्यातही फूट पडली.

ओढाताणीची दुसरी बाजू आपल्याकडेही दिसली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा अहमदनगरकडच्या, अमेरिकन मराठी मिशनच्या वारशातल्या मंडळ्यांनीही बिशपची व्यवस्था स्वीकारली. ऐक्यासाठी, कोणी कोणाच्या वर नाही या जुन्या आग्रहाची किंमत त्यांनी मोजली.

नेदरलँड्समध्ये १ मे २००४ रोजी जुनं राष्ट्रीय चर्च, कायपर यांच्या परंपरेतलं चर्च आणि लुथरन चर्च एक झाले. स्खिल्डर यांच्या परंपरेतल्या मंडळ्या बाहेरच राहिल्या. २०१७ मध्ये त्यांच्या धर्मसभेने सर्व सेवापदं स्त्रियांसाठी खुली केली. रिफॉर्म्ड चर्चच्या ज्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या स्थापनेत त्या स्वतः होत्या, तिने आधी त्यांचं सदस्यत्व स्थगित केलं आणि २०२२ मध्ये संपवलं. परिषद आज्ञा देऊ शकत नव्हती, संबंध तोडू शकत होती. मात्र १ मे २०२३ रोजी याच मंडळ्या १९६७ च्या सुमारास दुरावलेल्या भावंडांशी पुन्हा एक झाल्या.

सत्ता नको म्हणणाऱ्या घराला नातं टिकवायला हुकूम वापरता येत नाही. त्याच्याकडे उरते ती सही, तीही शेजाऱ्याच्या कागदावर केलेली. २००४ च्या चर्चने आपल्या नियमावलीत रिफॉर्म्ड आणि लुथरन अशी दोन्ही विश्वासपत्रं शेजारी शेजारी नोंदवली. ते वाचताना मला एम्डेनचं ते दुसरं वचन आठवतं. देश गमावलेल्या माणसांनी ते दिलं होतं, कारण एकट्याने राहणं म्हणजे काय, हे ते भोगत होते.