पोपट एकाच माणसाला जीव का लावतो?

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं ऊसतोडीला निघतात. मागं उरतात म्हातारी माणसं अन् लेकरं. घरात मिठू असेल आणि त्याला रोज पेरू भरवणारा माणूसच फडावर गेला, तर तो खाणं कमी करतो, ओरडत राहतो, कधी स्वतःचीच पिसं उपटतो. 'रुसलाय' म्हणून सोडून देण्याइतकं हे साधं नसतं.

असं का होतं?
रानात पोपट थव्यानं राहतो, पण विणीच्या हंगामात त्याची खरी जवळीक जोडीदाराशी. नर मादीला चोचीनं घास भरवतो. पिंजऱ्यात थवा नाही अन् जोडीदारही नाही, मग ती जागा माणूस घेतो. दाणा-पाणी, गप्पा सगळं एकाच्याच वाट्याला असेल, तर बाकीच्यांना चोच बसणारच!

सगळ्यांशी जमतं का?
जमू शकतं. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून अभ्यासलेला 'ॲलेक्स' हा आफ्रिकन करडा पोपट अनेक प्रशिक्षकांकडून शिकला. लहानपणापासून घरातल्या सगळ्यांचा हात लागला, तर पोपट अनेकांना आपलं मानतो. तरी एखादा लाडका असतोच.

पण कायदा काय सांगतो?
आपला कंठवाला पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. मात्र माणसाळलेला पोपट परस्पर उडवून देऊ नका. त्याला ना दाणा शोधता येतो, ना शिकऱ्यापासून वाचता येतं. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, तेही गाव सोडण्याआधी.