विजेचा हिशेब

दूरचित्रवाणीचा पडदा उजळतो, ध्वनिवर्धकातून सूर उमटतात, मुद्रकातून छापील कागद बाहेर पडतो. या साधनांची कामे भिन्न; परंतु तिन्हींचे अन्न एकच, ते म्हणजे वीज. कोणते साधन किती वीज घेते, हे डोळ्यांस दिसत नाही. ते मोजूनच जाणावे लागते.

वीज किती वेगाने खर्च होते, हे ‘वॉट’ या परिमाणात सांगतात. वाफेच्या यंत्रात मोठी सुधारणा करणारे जेम्स वॉट (१७३६–१८१९) यांच्या गौरवार्थ हे नाव दिले गेले. १००० वॉटचे साधन एक तास चालले, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. साधनाच्या पाठीवर वॉटचा आकडा छापलेला असतो; पण तो पुष्कळदा कमाल मर्यादा दाखवितो. प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी असू शकतो.

हा प्रत्यक्ष खर्च घरच्या मीटरवरून काढता येतो. अनेक मीटरांवर एक लहानसा लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटास तो किती वेळा लुकलुकेल, तो आकडा मीटरवरच लिहिलेला असतो. समजा, तो आकडा ३२०० आहे. वडीलधाऱ्यांच्या देखत घरातील इतर सर्व साधने थोडा वेळ बंद केली आणि केवळ दूरचित्रवाणी चालू ठेवली. पाच मिनिटांत दिवा २० वेळा लुकलुकला, तर तासाभरात तो २४० वेळा लुकलुकेल. २४० ला ३२०० ने भागून १००० ने गुणिले, की ७५ वॉट हे उत्तर येते. मीटरला मात्र हात लावू नये, दुरूनच पाहावे.

दोन पडद्यांची तुलना करावयाची असल्यास दोहोंवर चित्र एकच असावे व प्रखरताही सारखी असावी. कारण प्रखरता वाढविली, की खर्च वाढतो. उष्णतेने शाई पक्की करणारा लेसर मुद्रक छापताना पुष्कळ वीज ओढतो व थांबला असता थोडी घेतो. म्हणून त्याचे मोजमाप क्षणभर नव्हे, तर दीर्घ काळ करावे लागते.

दूरनियंत्रकाने बंद केलेली दूरचित्रवाणीही पुढील आज्ञेची वाट पाहत किंचित वीज घेतच असते. इतका सूक्ष्म खर्च घरच्या मीटरवर उमटेलच, असे नाही. त्यासाठी साधन व भिंतीवरील जोडणी यांच्यामध्ये बसणारा वॉटमापक वापरतात. वाट पाहणाऱ्या साधनाचा खर्च एका वॉटपर्यंत खाली आणावा, असे आवाहन आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ साली केले. एक वॉट म्हणजे अगदी क्षुल्लक, असे वाटेल. परंतु वर्षाचे तास ८७६० असतात. तेवढ्या काळात त्या एका वॉटचीही पावणेनऊ युनिटे होतात. भिंतीवरील बटण बंद केले, की हा खर्च थांबतो.