लहान न्हाणीघराची अल्प खर्चात सुधारणा

आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांत न्हाणीघर म्हणजे परसदारी अंथरलेल्या दोन-तीन फरश्या व त्यांभोवती उभे केलेले पत्रे किंवा तट्टे. अशा आडोशात स्त्रियांना उजाडण्यापूर्वी घाईघाईने स्नान उरकावे लागते. शेवाळलेल्या फरशीवरून वृद्ध माणसे घसरतात, आणि सांडपाणी घराच्या पायाशी मुरते किंवा रस्त्यावर वाहते. हाती थोडा पैसा आला म्हणजे न्हाणीघर सुधारावे असे वाटते. परंतु तो पैसा बहुधा भिंतींच्या चकचकीत लाद्यांवर खर्च होतो व पाण्याची वाट पूर्वीसारखीच राहते. म्हणून या कामात एक गोष्ट ध्यानात धरावी : पहिला खर्च पाण्याच्या निचऱ्यावर करावा, शोभेचा विचार शेवटी करावा.

प्रथम परीक्षा

काम काढण्यापूर्वी जमिनीवर दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. पाणी कोठे साचते, कोणत्या सांध्यात जिरते व बाहेर पडल्यावर कोठे जाते, हे नीट पाहून ठेवावे. जेथे दोष असेल तेवढेच उकरावे. जुन्या शहाबादी फरश्या शाबूत असल्यास त्या काढून, घासून पुन्हा बसविता येतात. हा दगड चुनखडीचा असल्यामुळे त्यावर सफाईचे ॲसिड मात्र ओतू नये. त्याने फरशी झिजते.

जमीन व उतार

1.2 मीटर रुंद व 1.5 मीटर लांब एवढी जागा एका माणसाच्या स्नानास पुरते. खालची माती चोपून त्यावर सुमारे 7.5 सें.मी. जाडीचा 1:4:8 प्रमाणाचा काँक्रीटचा थर द्यावा व वर 4 सें.मी. जाडीचा कोबा करावा. मोरीच्या तोंडाकडे दर मीटरास 2 सें.मी. उतार असावा; म्हणजे दीड मीटर लांबीत 3 सें.मी. फरक येतो. गवंड्याने हा उतार नजरेने न ठरविता दोरी व पातळीनळी लावून घ्यावा. कोबा गुळगुळीत घोटू नये. पृष्ठभाग किंचित खरबरीत ठेवल्यास पाय घसरत नाही. भिंत व जमीन यांच्या सांध्यात सिमेंटची गोलाई द्यावी, म्हणजे तेथे पाणी मुरत नाही व घाण साठत नाही. भिंतींना निदान 1 मीटर उंचीपर्यंत 1:4 प्रमाणाचा गिलावा करावा. एवढ्या कामास दोन गोणी सिमेंट पुरे होते. काम झाल्यावर किमान सात दिवस ते ओले ठेवावे. या पाणी मारण्यास खर्च नाही. पण तेच टाळल्याने कोब्याला भेगा पडतात.

सांडपाण्याची व्यवस्था

मोरीच्या तोंडाशी जाळीसह नहाणी ट्रॅप बसवावा. त्यात थोडे पाणी सदैव राहते, म्हणून दुर्गंधी व किडे आत येत नाहीत. तेथून नळीने पाणी एका लहान चेंबरमध्ये न्यावे. केस, साबणाचा साका व गाळ तेथे अडतो. तो आठवड्यातून एकदा काढावा. पुढे सुमारे 1 मीटर लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड किंवा विटांचे तुकडे, मध्ये त्याहून लहान व वर बारीक खडी भरून, त्यावर गोणपाट पसरून माती लोटावी. खड्डा विहिरीपासून 15 मीटरांहून अधिक दूर असावा. शौचालयाचे पाणी त्यात कदापि सोडू नये.

मुरमाड जमिनीत असा खड्डा चांगले काम देतो. काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश मुरते. शिवाय ही माती भिजून फुगते व वाळून आकसते, त्यामुळे पायाजवळ पाणी मुरल्यास भिंतींना तडे जातात. अशा ठिकाणी चेंबरमधील पाणी नळीने घरापासून दूर नेऊन केळी, अळू किंवा कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. वाफ्यात पाणी साचू देऊ नये. हत्तीरोग पसरविणारे क्यूलेक्स डास साचलेल्या घाण पाण्यातच वाढतात. नांदेड जिल्ह्यातील अनेक गावांनी घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारे व डास या दोहोंचा उपद्रव कमी केला, हे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रकाश, हवा व सुरक्षितता

डोक्याच्या उंचीवर सिमेंटची जाळी बसविल्यास आडोसा न मोडता उजेड व वारा मिळतो, आणि जमीन लवकर वाळते. दाराला आतून कडी अवश्य असावी. वृद्धांसाठी भिंतीत एक लोखंडी दांडा पक्का बसवावा. विजेचे बटण बाहेर ठेवावे. पाणी तापविण्याची विजेची कांडी बादलीत असताना पाण्यास हात लावू नये. पाण्याचे पिंप झाकून ठेवावे व आठवड्यातून एक दिवस रिकामे करून घासून कोरडे करावे.

पैसा कमी असल्यास

सर्व काम एकदम करण्याची आवश्यकता नाही. पहिल्या हप्त्यात उतार, ट्रॅप व शोषखड्डा. दुसऱ्यात गिलावा, दार व जाळी. लाद्या व रंग पुढे सवडीने करावेत. खड्डा खणणे व दगड गोळा करणे ही कामे घरच्या माणसांनी केल्यास मजुरी वाचते. शोषखड्ड्यासाठी शासकीय साहाय्य उपलब्ध आहे काय, याची ग्रामपंचायतीत आधी चौकशी करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात असे एक न्हाणीघर प्रथम करून दाखवावे आणि जागा ठरविताना घरातील स्त्रियांचे मत आवर्जून घ्यावे. कारण त्याचा उपयोग त्यांनाच सर्वाधिक होणार असतो. ओतलेले पाणी थोड्याच वेळात निघून जाते व अंगण कोरडे राहते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर शेजाऱ्यास वेगळे पटवून देण्याची गरज राहत नाही.