तव्यामागचं कमिशन

तापलेल्या बिडाच्या तव्यावर शेंगदाण्याचं तेल फिरवलं की आधी काहीच होत नाही. मग कडेकडेने धूर सुटतो आणि खरपूस, जरासा कडवट वास घरभर होतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये खिडक्या सताड उघड्या होत्या, पंखा गरगरत होता, तरी तो वास रात्रीपर्यंत माझ्या शर्टाला चिकटून राहिला. काकू अर्धा कांदा काट्याला टोचून तव्यावर गोल गोल घासत होत्या. भाची मोबाइल धरून शेजारी उभी. "आता काढ. धूर दिसू दे, माझा हात नको," काकू म्हणाल्या. हाताला दोन ठिकाणी भाजल्याचे डाग होते.

तवा नवा होता. दोन-तीन दिवस तो तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवलेला, मग घासून, पुसून, तेल लावून तापवायचा, आणि हे पुन्हा पुन्हा. एवढा खटाटोप एका लेखासाठी चालला होता. त्या लेखात तव्याच्या नावावर लिंक असेल. कुणी त्या लिंकवरून दुकानात शिरून खरेदी केली की काकूंना कमिशन मिळेल. धंदा म्हणाल तर एवढाच. भाची त्याला 'अ‍ॅफिलिएट' म्हणते. काकू सरळ कमिशन म्हणतात.

गंजलेल्या तव्याचं काय करावं हे शोधताना मला त्यांच्या साइटवरचा एक लेख सापडला होता. असे लेख कसे असतात ते आपल्याला पाठ आहे: दर चार ओळींनी केशरी बटण, 'आजच घ्या', 'टॉप टेन', आणि लिहिणाऱ्याने त्यातली एकही वस्तू हातात धरलेली नाही हे पहिल्या परिच्छेदातच कळतं. काकूंच्या लेखात दोनच लिंका होत्या, त्याही वाक्याच्या पोटात, बेतानेच दिसतील अशा. पण लेखाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'या लेखातल्या लिंकवरून काही घेतलंत तर मला कमिशन मिळतं. तुम्हाला वस्तू त्याच भावात पडते.' लिंक हळू आवाजात आणि कबुली मोठ्या आवाजात! असं करून पोट भरतं का, हे बघायला मी गेलो होतो.

काकू शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर पाककृती लिहू लागल्या, आणि लोक पाककृतीपेक्षा भांड्यांबद्दलच जास्त विचारतात हे त्यांच्या लक्षात आलं. घावन तव्याला का चिकटतं, कुकरची रिंग का सैल होते, पुरणयंत्राची जाळी कुठली घ्यावी. "साखर किती घालायची हे प्रत्येकीला माहीत असतं," त्या म्हणाल्या. "अडतं ते भांड्यापाशी."

चहा पुढ्यात ठेवता ठेवता त्यांनी पहिला आकडा सांगितला. "चोवीस तास."

वाचकाने लिंकवर टिचकी दिली की त्याच्या ब्राउझरमध्ये एक खूण बसते. पुढच्या चोवीस तासांत तो त्या दुकानात जे काही घेईल, त्यातल्या बहुतेक गोष्टींवर काकूंना टक्केवारी मिळते. तवाच घेतला पाहिजे असं नाही. मात्र मधल्या वेळात तो दुसऱ्या कुणाच्या लिंकवरून आत गेला तर काकूंची खूण पुसली जाते. शेवटच्या टिचकीचा मालक तो कमिशनचा मालक. चोवीस तास उलटल्यावर वाचक काकूंचे आभार मानत तोच तवा घेऊन गेला, तरी काकूंच्या हाती सहसा काही नाही.

ही खूण कुठे असते ते भाचीने दाखवलं. दुकानाचा लांबलचक पत्ता, त्यात अक्षरांची आणि आकड्यांची भाऊगर्दी, आणि शेपटीला एक छोटा टॅग. अ‍ॅमेझॉनच्या भारतातल्या दुकानासाठी तो '२१' या आकड्याने संपतो. तेवढा टॅग गळला तर लिंक चालते, वस्तू विकली जाते, फक्त कुणामुळे ते नोंदलं जात नाही. काकूंनी जवळजवळ प्रत्येक लेखाला वेगळा टॅग दिलाय, म्हणजे कुठल्या लेखावरून काय विकलं ते कळतं.

आणि मग त्यांनी ती यादी उघडली, जिच्याकडे माझं मन अजूनही वळतं. घेणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, नुसत्या वस्तू. उंदराचा पिंजरा. मोबाइलचं कव्हर. शंभर पानी वह्यांचा गठ्ठा. गुडघ्याचा पट्टा. खूप खाली कुठेतरी एक तवा. काकूंनी शिफारस केलेल्या वस्तू त्या यादीत पाहुण्यासारख्या बसल्या होत्या. "हा पट्टा बघा," काकू म्हणाल्या, "घावनांच्या लेखाच्या टॅगवर आलाय. उभं राहून राहून गुडघे गेले असतील बाईचे." बाईचे की बुवाचे, कुणाला ठाऊक. काकूंनी ठरवून टाकलं होतं. इतकंच नाही, तर त्यानंतर त्यांनी त्या लेखात एक वाक्य वाढवलं होतं: 'एकावेळी दहापेक्षा जास्त घावनं करायची असतील तर गॅसपाशी उंच स्टूल ठेवा.' स्टुलावर लिंक नव्हती. मी मुद्दाम पाहिलं.

बाकीचं काम कंटाळवाणं आहे. आठवड्यातली एक सकाळ जुन्या लिंका तपासण्यात जाते. माल संपलेला असतो, विकणारा बदललेला असतो, त्याच पानावर दहा इंची तव्याच्या जागी आठ इंची येऊन बसलेला असतो. लेखात भाव लिहिता येत नाही, कारण तो सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, आणि कंपनीचाही नियम तसाच आहे. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेलं धरत नाहीत. नव्याने नाव नोंदवलं की १८० दिवसांत निदान तीन विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद. काकूंचं पहिलं खातं असंच बंद पडलं होतं. "मला वाटलं, नातेवाइकांना सांगू," त्या हसल्या, "तर तेही चालत नाही."

पैसा विक्रीनंतर साधारण दोन महिन्यांनी येतो, परत आलेल्या मालाचं वजा करून. दिवाळीची कमाई संक्रांतीच्या आसपास खात्यात पडते, तीही टीडीएस कापून. हा कापला जाणारा हिस्सा ऑक्टोबर २०२४पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला, हे काकूंना तारखेसकट पाठ होतं. महिन्याला किती सुटतात, असं विचारल्यावर त्यांनी आकडा सांगितला नाही. "कधी वीजबिल. दिवाळीत किराणासुद्धा. पेन्शन आहे म्हणून चाललंय."

'आहे म्हणून चाललंय' हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. हा धंदा जगात मोठा झाला तो अ‍ॅमेझॉनने जुलै १९९६मध्ये आपली योजना सुरू केल्यापासून. आणि तो नीट, वाचकाचा मान राखूनही करता येतो याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'वायरकटर'. ब्रायन लॅम यांनी २०११मध्ये सुरू केलेली ही साइट एकेक वस्तू आठवडेच्या आठवडे वापरून, घासून, पाडून बघायची आणि मग एकच नाव सांगायची. २०१६मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती सुमारे ३ कोटी डॉलरला विकत घेतली. भाची ही गोष्ट डोळे चमकवून सांगते. पण त्याच अमेरिकेत एप्रिल २०२०मध्ये, माणसं घरात कोंडलेली असताना, अ‍ॅमेझॉनने घरगुती सामानावरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३वर आणि किराणामालाचं ५वरून १वर आणलं. पुष्कळांची मिळकत अर्ध्याहून खाली आली. लिहिणारा तोच, लेख तोच, वाचकही तेच. दर ठरवणारी खोली मात्र दुसऱ्याची. वायरकटरची गोष्ट सांगणाऱ्याने ही दुसरी गोष्टही सांगायला हवी, आणि या धंद्याच्या शिकवण्या घेणारे ती सांगत नाहीत.

कबुलीबद्दल काकू आणि भाची यांच्यात वाद आहे. भाचीचं म्हणणं, ती ओळ तळाशी टाकावी, वाचून झाल्यावर दिसेल. काकू म्हणतात, वरच. कायदाही काकूंच्या बाजूचा आहे. फसव्या जाहिरातींबद्दलचे केंद्राचे नियम जून २०२२मध्ये आले. जानेवारी २०२३मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारशी करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका काढली, त्यात सांगितलंय की आपला आर्थिक संबंध सहज नजरेत भरेल असा, साध्या भाषेत सांगा, हॅशटॅग आणि लिंकांच्या गर्दीत दडवू नका. ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या शिफारशीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. काकूंनी मात्र मला कायदा सांगितला नाही, त्र्यंबकेश्वर सांगितलं. "स्टँडवर उतरल्यावर रिक्षावाला म्हणतो ना, चला, चांगल्या लॉजवर सोडतो. लॉज खरंच चांगला असेलही. पण लॉजवाल्याने त्याच्या हातात नोट ठेवलेली आपण पाहिली, की खोलीतला पंखासुद्धा आवाज करायला लागतो. त्यापेक्षा त्याने रिक्षातच सांगावं."

इथे मी थोडी तक्रार केली. 'तुम्हाला वस्तू त्याच भावात पडते' हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. काकूंचं कमिशन आभाळातून पडत नाही. दुकान ते विकणाऱ्यांकडून घेतलेल्या पैशांतूनच देतं, आणि विकणारा तो खर्च भावात कुठेतरी धरतोच. म्हणजे लिंकवरून न आलेला माणूसही भरतो. आणि दुसरं, नाशकात भांडी बाजार आहे, तांब्या-पितळेसाठी हे गाव नावाजलेलं. तिथला तवा हातात उचलून वजन बघता येतं, पण त्यावर काकूंना फुटकी कवडी मिळत नाही. मग लेख आपोआप कुठल्या तव्याकडे झुकणार?

काकूंनी उत्तर दिलं नाही, लेखाचा मसुदा पुढे सरकवला. चौथ्या परिच्छेदात होतं: 'गावात भांड्यांचं दुकान असेल तर आधी तिथे जा. तवा उचला. मनगटाला जड लागला तर चांगला.' लिंक त्याच्या पुढच्या परिच्छेदात, 'दुकान जवळ नसेल तर' अशा सुरुवातीनंतर. ते वाक्य त्यांचं किती नुकसान करतं हे कुठल्याच यादीत दिसत नाही. दुकानात गेलेल्या माणसाचा टॅग नसतो. माझी शंका पूर्ण फिटली नाही, कारण लिहिणाऱ्याने किती वस्तू लिहायच्याच सोडल्या हे वाचकाला कसं कळणार? पण केशरी बटणवाल्यांपैकी एकानेही मला दुकानात जायला सांगितल्याचं आठवत नाही.

मग दोघी मसुद्यावर बसल्या. भाचीने तव्याशिवाय आणखी बऱ्याच शब्दांना लिंक लावली होती: काथ्या, उलथनं, शेंगदाण्याचं तेल, तांदूळसुद्धा. काकू एकेक काढत गेल्या. काथ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तांदूळ घरात असतोच, आणि धुवणासाठी कुणी नवा घेत नाही. तेलापाशी भाचीने हात धरला. "आत्या, तेल कुणी नाही घेतलं तरी चालेल. नुसती टिचकी पडू दे. तेलावर टिचकी जास्त पडते, आणि एकदा पडली की चोवीस तास आपले."

हिशोब बिनचूक होता. गुडघ्याचा पट्टा, उंदराचा पिंजरा, वह्या हे सगळं असंच आलेलं. शिफारस कशाची केली याला फारसा अर्थ नाही, दार कुणी उघडून दिलं याला आहे. मग दार जिथे सहज उघडेल तिथे का नाही लावायचं? आणि वाचकाला त्रास तरी काय, निळसर झालेला एक शब्द.

"तेल ज्याच्या घरी नाही तो तवा कशाला घेईल?" काकू म्हणाल्या आणि तेलावरची लिंक काढली. उलथन्यावर थोडा वेळ थांबल्या. बिडाच्या तव्यावर टोकदार कडांचं उलथनं चालत नाही, सपाट पात्याचं लागतं, आणि ते सगळीकडे मिळत नाही. ती लिंक ठेवली.

भाचीने खांदे उडवले आणि तव्याचे फोटो निवडायला घेतले. धुराचा चांगला आला होता, पण कोपऱ्यात काकूंचा अंगठा आला होता, डागासकट. "कापू?" तिने विचारलं. काकूंनी चष्मा वर करून बघितलं. राहू दे म्हणाल्या, आणि फोटोखाली लिहायला सांगितलं: 'कापड जाड घ्या.'