टोकन उघडणं आणि टोकन तपासणं

लहान ई, लहान वाय, मोठा जे. वेब सर्व्हिसच्या लॉगमध्ये या तीन अक्षरांनी सुरू होणारी लांबलचक, अगम्य ओळ दिसली की ते जेडब्ल्यूटी टोकन असणार, हे पुढचं न वाचताच कळतं. टोकनाचा पहिला भाग म्हणजे जेसनमधला छोटासा मजकूर. तो महिरपी कंस, दुहेरी अवतरणचिन्ह आणि मग इंग्रजी अक्षर असा सुरू होतो. हा क्रम बेस-64 मध्ये घातला की दरवेळी हीच तीन अक्षरं बाहेर पडतात.

पुढे ओळीत दोन टिंबं असतात आणि त्यांनी पडलेले तीन तुकडे: हेडर, पेलोड आणि सही. यातले पहिले दोन कुणालाही उघडता येतात. बेस-64 म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, हे शिकवलेलं असतं, पण डोळ्यांना ती ओळ इतकी गिचमिड दिसते की माणूस विसरतो. एका कंपनीच्या टोकनात मला ग्राहकाचा मोबाईल आणि आधार क्रमांक सापडला होता. ‘‘अहो, पण ते वाचता कुठे येतं?’’ असं मला विचारण्यात आलं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं, दोन्ही आकडे पडद्यावर. पुढची चर्चा फार चालली नाही.

टोकन मुळात लागतं, कारण एचटीटीपीला मागची रिक्वेस्ट आठवत नाही. प्रत्येक वेळी माणूस नव्याने दारात. पूर्वापार उपाय सेशनचा. सर्व्हरने स्वतःकडे नोंद ठेवायची आणि कुकीत फक्त तिचा क्रमांक द्यायचा. सर्व्हर एकाचे वीस झाले की प्रत्येकाला त्या एका नोंदवहीकडे धाव घ्यावी लागते. टोकनात नोंदच माणसाच्या हाती दिलेली असते. हा कोण, याची मुदत कधीपर्यंत, हे लिहून खाली सही ठोकायची. मग ज्या सर्व्हरकडे किल्ली आहे तो कुणालाही न विचारता खातरजमा करू शकतो. इंटरनेटची प्रमाणकं ठरवणाऱ्या आयईटीएफने मे 2015 मध्ये आरएफसी 7519 या क्रमांकाने या टोकनाचा साचा ठरवून दिला.

माझं काम इतरांनी लिहिलेला कोड तपासण्याचं. अशा सर्व्हिसचा कोड हातात आला की मी लॉगिनचा भाग मागे ठेवते आणि आधी ते मिडलवेअर उघडते, ज्यातून प्रत्येक रिक्वेस्ट जाते. बहुतेकदा ते वीस-पंचवीस ओळींचं असतं. ऑथरायझेशन हेडर काढा, ‘बेअरर’ शब्द बाजूला करा, उरलेलं टोकन लायब्ररीकडे द्या. माझी नजर थांबते ती लायब्ररीच्या कोणत्या फंक्शनला हाक मारली आहे तिथे. नोडच्या ‘जेसनवेबटोकन’ लायब्ररीत ‘डीकोड’ नुसतं उघडून दाखवतं. सही तपासायला ‘व्हेरिफाय’ लागतं. पायथनच्या ‘पायजेडब्ल्यूटी’त मात्र ‘डीकोड’च सही तपासतं. पायथनकडून नोडकडे आलेला हुशार मुलगा सवयीने ‘डीकोड’ लिहितो, लोकलला सगळं चालतं, टेस्ट हिरव्या होतात. कारण टेस्टमध्ये सगळी टोकनं खरी असतात! खोटं टोकन देऊन बघणारी टेस्ट नसेल तर मी रिव्ह्यू पुढे नेतच नाही.

या कामातला खरा पेच क्रमाचा आहे. सही तपासायची तर ती कोणत्या पद्धतीने केली हे कळायला हवं, आणि ती पद्धत लिहिलेली असते हेडरमध्ये, म्हणजे अजून न तपासलेल्या मजकुरात. 2015 साली टिम मॅकलीन यांनी अनेक लायब्रऱ्यांमधला हा घोळ उघड केला. प्रमाणकात ‘नन’ अशीही एक पद्धत आहे: सहीच नाही. काही लायब्रऱ्या हेडरमध्ये ‘नन’ वाचून ‘बरं, सही नाही, म्हणजे तपासायचंही काही नाही’ म्हणत टोकन पास करत होत्या. पेलोडमध्ये स्वतःला ॲडमिन लिहा आणि आत या.

दुसरा प्रकार जास्त मुरलेला. आरएस-256 मध्ये किल्ल्या दोन: खासगी किल्लीने सही करायची, सार्वजनिक किल्लीने तपासायची. एचएस-256 मध्ये एकच गुप्त किल्ली दोन्ही कामांना. सर्व्हर आरएस-256 वापरतो आहे, त्याची सार्वजनिक किल्ली अर्थातच सगळ्यांना उपलब्ध आहे. हल्लेखोर हेडरमध्ये एचएस-256 लिहितो आणि ती सार्वजनिक किल्लीच गुप्त किल्ली असल्यासारखी वापरून सही करतो. लायब्ररी हेडरवर विश्वास ठेवते, हातातली सार्वजनिक किल्ली घेऊन एचएस-256 ने तपासते, सही तंतोतंत जुळते. गणित कुठेही चुकलेलं नसतं. कुठलं गणित करायचं, हे समोरच्याला ठरवू दिलं, एवढंच. तेव्हापासून शहाणा कोड मान्य पद्धतींची यादी स्वतःजवळ लिहून ठेवतो आणि हेडर तिच्याशी ताडून पाहतो. पायजेडब्ल्यूटीने 2.0 आवृत्तीपासून सही तपासताना ही यादी देणं सक्तीचंच केलं.

कधीकधी आपल्या बाजूने सगळं चोख असूनही खालची जमीन पोकळ निघते. एप्रिल 2022 मध्ये कळलं की जावाच्या 15 ते 18 आवृत्त्या ईसीडीएसए या आणखी एका पद्धतीच्या सहीतल्या दोन्ही आकड्यांच्या जागी शून्य दिलं तरी ती ग्राह्य धरत होत्या. तिथे मिडलवेअर लिहिणाऱ्याच्या हातात अपडेट टाकण्यापलीकडे काही नव्हतं.

एचएस-256 ची किल्ली किमान 256 बिटांची, म्हणजे 32 बाइटची असावी असा नियम आहे. प्रत्यक्षात कॉन्फिग फाइलमध्ये कंपनीचं नाव आणि पुढे 123 दिसतं. अशी किल्ली शोधायला सर्व्हरला त्रासही द्यावा लागत नाही. एक खरं टोकन मिळालं की घरच्या संगणकावर शब्दांमागून शब्द घालून बघत बसायचं. सर्व्हरला पत्ताच नाही.

मुदतीचा आकडा सेकंदांत लिहितात, 1 जानेवारी 1970 पासून मोजून. सध्या तो दहा अंकी असतो. जावास्क्रिप्टचं घड्याळ मिलिसेकंदांत बोलतं, तेरा अंकी. हजाराने भागायचं राहिलं की टोकनाची मुदत संपते साधारण इसवी सन 57,000 च्या पुढे. तक्रार कुणीच करत नाही, कारण कुणालाच पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. उलट बाजूने, दोन सर्व्हरच्या घड्याळांत काही सेकंदांचा फरक असला की ताजं टोकन ‘अजून सुरू झालेलं नाही’ म्हणून परत येतं. त्यासाठी थोडी सूट ठेवतात; मिनिटभर पुरते. टोकन कोणत्या सर्व्हिससाठी दिलं आहे हेही तपासावं, नाहीतर सुट्टीच्या अर्जाच्या ॲपचं टोकन पगाराच्या ॲपमध्ये चालून जातं.

टोकन मागे घेणं हे दुखणं मात्र रचनेतच आहे. टोकन बेअरर चेकसारखं. ज्याच्या हातात, त्याचं. ॲपमधलं ‘लॉगआउट’ बटण बहुतेक ठिकाणी फोनमधलं टोकन पुसतं, बस. त्याची नक्कल दुसऱ्या कुणाकडे असेल तर ती मुदत संपेपर्यंत चालत राहते. बँकेने चेक थांबवावा तसं करायचं तर रद्द टोकनांची यादी ठेवायला हवी आणि प्रत्येक रिक्वेस्टला ती पाहायला हवी. म्हणजे जी नोंदवही टाळायला हा खटाटोप केला, ती पुन्हा दारात. म्हणून तडजोड: कामाचं टोकन पंधरा मिनिटांचं आणि सोबत लांब मुदतीचं रिफ्रेश टोकन, ज्याची नोंद सर्व्हरकडे असते. रिफ्रेश टोकन वापरलं की बाद, बदल्यात नवं. बाद झालेलं पुन्हा आलं, तर दोघांपैकी एक चोर आहे; कोण ते कळत नाही, म्हणून दोघांनाही बाहेर काढून पासवर्ड मागायचा. लहान कंपन्यांचे कोड पाहताना माझं मत होत चाललं आहे की दोन-तीन सर्व्हरच्या कामाला जुनं सेशनच बरं. टोकन घेतलं जातं ते अनेकदा गरजेपेक्षा फॅशन म्हणून.

रिव्ह्यूच्या शेवटी मी लॉग उघडते आणि ती तीन अक्षरं शोधते. चूक शोधताना कुणीतरी सगळे हेडर छापणारी ओळ घातलेली असते आणि ती तशीच प्रॉडक्शनला गेलेली असते. तिथे, सपोर्टच्या कुणालाही वाचता येतील अशी, लोकांची चालू टोकनं ओळीने पडलेली असतात. मग ती ओळ काढायची, लॉग पुसायचे, किल्ली बदलायची. किल्ली बदलली की सगळे युजर एकदम बाहेर फेकले जातात, म्हणून हे काम रात्री दोननंतर करायचं ठरतं.